गोष्ट आवडली नाही, की प्रतच खराब आहे?

तुमची पोस्ट वाचून हसूच आलं, सॉरी, पण माझंही सेम टू सेम. बाराशे रुपयांची ग्राफिक नॉव्हेल, बहुव्यक्तिमत्त्वाचा आजार म्हणून एका मुलीत पाच जणी, मधेच गोष्ट तुटते, आणि वेबसाइटवाले म्हणतात परत घेणार नाही. बहुतेक तेच पुस्तक असणार, नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

माझ्या प्रतीत ती बसचा दांडा धरून उभी असते आणि पान उलटलं की थेट हॉस्पिटलच्या बाकावर, हाताला बँडेज. मला वाटलं वा, काय डोकं लावलंय! कारण या आजारात खरा त्रास तोच असतो ना, मधला वेळ गायब. कॉमिक्समध्ये दोन चौकटींमधली कोरी पट्टी त्यासाठी आयती मिळते. बाकीच्या पुस्तकात मात्र नुसता बावळटपणा, दर व्यक्तीला वेगळा केसांचा रंग आणि वेगळे कपडे, म्हणजे वाचकाला कळावं कोण आलीय. खरं तर बऱ्याचदा घरच्यांनाही पटकन कळत नाही म्हणे (मी डॉक्टर नाही, वाचून बोलतेय).

मग मैत्रिणीची प्रत बघितली तर मधे सोळा पानं! अख्खा एक फर्मा (एकत्र छापून बांधतात तो पानांचा गठ्ठा) माझ्या प्रतीत बांधलाच नव्हता. आणि त्या पानांत काय, तर डॉक्टर तक्ता काढून आजार समजावतायत. माझी खराब प्रतच बरी होती.

तरी पैसे पूर्ण घेतलेत ना. कस्टमर केअरला फोन केला तर "मॅडम, स्टोरी आवडली नाही हे रिटर्नचं कारण होत नाही." अहो पानं नाहीयेत! तर म्हणे नसलेल्या पानांचा फोटो पाठवा. आता नसलेल्या पानांचा फोटो कसा काढतात? पुस्तकाला पान क्रमांक नाहीत, त्यामुळे दाखवायचं तरी काय. दर वेळी नवीन माणूस, पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी तक्रारीचं तिकीट बंद, रिटर्नची मुदत संपली.

तेव्हा त्यांच्याशी साहित्यचर्चा अजिबात करू नका. "सदोष माल" एवढंच लिहा, तेही ईमेलवर, फोनवर नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेता सदोष माल परत घ्यायला नकार देऊ शकत नाही, आणि त्या वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर 1915, ग्राहक हेल्पलाइन. मी वकील नाही, आणि मला हे सगळं उशिरा कळलं, त्यामुळे तुमचं काम होईलच अशी गॅरंटी नाही देत.

विषयच वाचायचा असेल तर डूम पेट्रोल या अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समधली क्रेझी जेन वाचा, लेखक ग्रँट मॉरिसनची, 1989 पासूनची. तिच्यात 64 व्यक्ती आणि प्रत्येकीला वेगळी शक्ती, म्हणजे वास्तवाशी काही देणंघेणं नाही, पण तिच्या मनाची अख्खी भुयारी रेल्वे केलीय, स्टेशनांसकट! ते फक्त चित्रातच जमतं. जुने इंग्रजी अंक सेकंडहँड शोधा, नवीन महाग पडतात. आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका, बापाकडून झालेला अत्याचार आहे त्यात.

आधी तुमच्या प्रतीत तो डॉक्टरांचा तक्ता आहे का तेवढं बघून सांगा. नसेल तर तुमचाही फर्मा गेलाय. मैत्रिणीकडून त्या पानांचे फोटो मागवून देते, तक्रारीला जोडा.