औंधच्या राजाने सत्ता खरोखर सोडली होती का?

प्रश्न : माझे माहेर सांगोला तालुक्यातले. आटपाडीच्या बाजाराहून परतल्यावर वडील ‘स्वतंत्रपूरचे कैदी भाजी विकायला बसले होते’ असे सांगत. ती वसाहत औंधच्या राजाने वसवली, एवढेच मला ठाऊक आहे. हा राजा केवळ हौशी सुधारक होता, की त्याने आपली सत्ता खरोखर प्रजेच्या हाती दिली होती? (एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर : सत्ता खरोखर दिली होती, आणि तीही इंग्रज सरकारचा तसा काही आग्रह नसताना.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) १९०९ साली गादीवर आले. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचे गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांचे, अवघ्या ७२ गावांचे हे संस्थान. राजे स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत आणि सूर्यनमस्काराचा प्रसार तर त्यांनी व्रतासारखा केला. त्यामुळे ‘हौशी’ हा शब्द आपल्या मनात आला असल्यास नवल नाही. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ १९१० साली देणारेही हेच राजे होते, आणि त्या माळावरच किर्लोस्करवाडी उभी राहिली.

सत्तांतराची गोष्ट मात्र याहून मोठी आहे. युवराज अप्पासाहेब पंत विलायतेतून शिकून परतल्यावर त्यांनी आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याने राज्यकारभार लोकांकडे सोपवण्याचा विचार पुढे नेला, त्यासाठी ते गांधीजींना भेटले आणि त्यांच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना २१ जानेवारी १९३९ रोजी अमलात आली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा व्हायची आणि तिथून प्रतिनिधी विधिमंडळात जायचे, अशी ती खालून वर चढत जाणारी रचना होती. युवराजाने खादी वापरून खेडुतासारखे साधे राहावे, असा गांधीजींचा आग्रह होता. मताचा अधिकार साक्षर माणसापुरता ठेवण्याचा त्यांचा सल्ला मला आजही खटकतो, कारण निरक्षर शेतकऱ्याला आपल्या गावाचे बरेवाईट कळत नाही असे मानायला काही आधार नाही. तरीही त्यामुळे प्रौढांना अक्षरओळख करून देण्याचे काम गावोगाव नेटाने सुरू झाले, हेही मान्य केले पाहिजे.

स्वतंत्रपूर हे त्याच काळातले. फ्रिडमन यांच्या कल्पनेतून १९३९ साली आटपाडीजवळ ही खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तिथे भिंतीशिवाय, गजांशिवाय, बायकामुलांसह राहू लागली आणि दिलेल्या जमिनीत शेती करू लागली. आपल्या वडिलांनी बाजारात पाहिलेली भाजी त्याच मातीतली. ‘दो आँखे बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाला हाच प्रयोग आधार ठरला आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकरही याच आटपाडी भागातले.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि ही राज्यघटनाही संपली. अप्पासाहेब त्याच वर्षी भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले आणि पुढे अनेक देशांत त्यांनी भारताचे राजदूत म्हणून काम केले. स्वतंत्रपूरची वसाहत मात्र विलीनीकरणानंतरही चालू राहिली.