गोळ्या संपल्या की रक्त पुन्हा का उतरतं?

प्रश्न : नमस्कार डॉक्टरताई. मी ४२ वर्षांची, रावेर तालुक्यातली. घरची केळी आहे, मीही रोज शेतात जाते. तीन-चार वर्षांपासून तपासणीत माझं रक्त कमीच निघतं. गोळ्या घेतल्या की दहापर्यंत चढतं, संपल्या की पुन्हा आठवर येतं. या वेळी ७.८ निघालं. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, रात्री पाय इतके ओढतात की झोप लागत नाही. सासूबाईंच्या सांगण्यावरून बीट, गूळ-शेंगदाणे सगळं चालू आहे. केळी घरचीच, रोज दोन खाते. घरात माळ आहे, त्यामुळे अंडं-मटण नाही. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून गोळी आणते, तिचा काही संबंध असेल का? एकांनी सांगितलं, रक्त चढवून घ्या. रिपोर्ट सोबत जोडला आहे. आणि हो, पाळी आठ-नऊ दिवस जाते, पण ती धाकट्याच्या जन्मापासून तशीच आहे.
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : ताई, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या शेवटच्या ओळीपासूनच मी सुरुवात करते. चोपडा-यावल भागात बायांना तपासताना मला हे सतत दिसलं आहे. ‘आंगमा जीव नही’ म्हणत बाई येते, केस, धाप, चक्कर सगळं सांगते. पाळीचं मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही, कारण तिच्या लेखी तो आजारच नसतो. घरात आईचं, बहिणीचं तसंच असतं, मग तक्रार कशाची करायची?

थोडा हिशोब करू. साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं की ती जास्तीची पाळी. दोन मिलिलिटर रक्ताबरोबर जवळपास एक मिलिग्रॅम लोह जातं, म्हणजे ८० मागे ४० मिलिग्रॅम. जेवणातून रोज अंगी लागतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि पाळी नसतानाही शरीरातून रोज एक मिलिग्रॅमच्या आसपास लोह कमी होतच असतं. आता महिन्याचा मेळ घाला. कितीही बीट खाल्लं तरी तो बसणार नाही. गोळ्या चालू असतात तोवर भर पडते, त्या थांबल्या की दर महिन्याची गळती पुन्हा वरचढ होते. तुमचं रक्त दहा-आठ, दहा-आठ करतंय ते यामुळे.

पाळी जास्त आहे की नाही, हे मोजमाप न करताही कळतं. पॅड किंवा कापड तास-दोन तासांत पूर्ण भिजतं का? रात्री उठून बदलावं लागतं का? दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का? त्या दिवसांत अंथरुणावर जुनी चादर टाकून झोपता का? पाहुण्यांकडे जायचं टाळता का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. आठ-नऊ दिवस जाणारी पाळी तर एवढ्यानेच दाखवण्याजोगी आहे.

तुमच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही ६६ लिहिलंय. हा लाल पेशीचा आकार, तो ८० ते १०० असायला हवा. आरडीडब्ल्यू १९ आहे, म्हणजे पेशी लहान-मोठ्या, एकसारख्या नाहीत. लहान पेशी थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषातही असतात, पण गोळ्यांनी तुमचं रक्त चढतं, त्यावरून ही लोहाचीच कमतरता दिसते. खात्रीसाठी फेरिटिन तपासून घ्या, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. सोबत थायरॉईडची रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करा. थायरॉईड मंदावलं की पाळी वाढते, आणि गर्भपिशवीत गाठी असतील तर त्या सोनोग्राफीत दिसतात. तांबी बसवलेली असेल तर तेही सांगा, साध्या तांबीने काहींचं रक्त जास्त जातं. चाळिशीनंतर पाळी अशी असेल तर डॉक्टर कधी कधी पिशवीच्या आतल्या अस्तराचा नमुनाही तपासायला घेतात. घाबरू नका, तो तपास गरजेचा असतो.

एक गोष्ट मी कळकळीने सांगते. ‘पिशवीच काढून टाका’ हा पहिला सल्ला मिळाला तर लगेच हो म्हणू नका. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबी आहे आणि ती पाळी खूपच कमी करते. बऱ्याच जणींचं एवढ्यावर भागतं. ऑपरेशन लागतंही, पण ते तपासण्या झाल्यावर, आणि शक्य तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊन.

आता गुडघ्याची गोळी. हो, संबंध असू शकतो. मेडिकलवर सहज मिळणाऱ्या वेदनाशामकांनी, विशेषतः उपाशीपोटी रोज घेतल्यास, जठरातून थोडं थोडं रक्त झिरपतं आणि कळतही नाही. ती गोळी आधी थांबवा आणि गुडघा वेगळा दाखवा. लोहाच्या गोळीनेही शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण डांबरासारखं चिकट आणि फार दुर्गंधी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

केळीच्या ओल्या मातीत अनवाणी काम होतं का? हुकवर्म नावाच्या जंताच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. शेतात चप्पल नको, बंद बूट घाला. जंताची गोळी घेतल्याला वर्ष होऊन गेलं असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

खाण्याचं बोलते, पण ते औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही. बीट रंगाने लाल आहे, लोह त्यात फारसं नाही. केळ्यातही नाही. घरची केळी जरूर खा, रक्तासाठी म्हणून नको. तुमच्या हाताशी यापेक्षा चांगलं आहे : कळण्याची भाकरी, थंडीत बाजरी, उडदाची डाळ, मेथी, पोकळा, शेवग्याचा पाला, हाळीव. पालेभाजीवर किंवा डाळीवर लिंबू पिळा, आंबटामुळे हे लोह जास्त शोषलं जातं. अंबाडी, चिंचेची आमटी असे आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजवले तर कढईचं लोह त्यात उतरतं. आणि चहा! सकाळी शेतावर निघताना चहा-खारी, परत आल्यावर जेवणावर पुन्हा चहा, ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. चहा जेवणातलं लोह अडवतो. जेवणाच्या आधी आणि नंतर तास-दीड तास चहा नको, एवढं केलंत तरी फरक पडेल.

गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत घ्या. पोट बिघडलं तर जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. दिवसाआड घेतली तरी चालते, काहींना तशी जास्त सोसते. डॉक्टरांना विचारून ठरवा. कॅल्शियमची किंवा ॲसिडिटीची गोळी तिच्यासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवा. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने चढायला हवं. १२ झालं म्हणून थांबू नका, पुढे निदान तीन महिने घ्या. हिमोग्लोबिन आधी भरतं, साठा मागाहून. तुम्ही दहावर थांबता, तेव्हा साठा रिकामाच असतो.

रक्त चढवण्याचं म्हणाल तर गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आठच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, त्यामुळे याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. पण नाडी, रक्तदाब ठीक असेल, बसल्या जागी धाप लागत नसेल तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देऊन बहुतेक वेळा काम होतं. छातीत दुखलं, बसल्या बसल्या दम लागला किंवा रक्त थांबेना, तर रात्र असो की दिवस, थेट रुग्णालयात जा.

सासूबाईंनाही हे वाचून दाखवा. त्या काळजीपोटीच बीट पुढे करतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांपैकी ५४ जणींना रक्तक्षय निघाला, त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत ४८ जणींना. हे वाढतंय, आणि दुखणं अंगवळणी पडल्यामुळे घरातल्या कुणालाच ते दिसत नाही.

प्रश्न : मी २४ वर्षांची, अक्राणी तालुक्यातली. शिबिरात माझी सिकलसेल तपासणी ‘एएस’ आली. हिमोग्लोबिन ९.४ आहे. रक्त सिकलमुळे कमी आहे का? लोहाच्या गोळ्या घेऊ की नको? माझं लग्न ठरतंय.

उत्तर : तू विचारलंस हे फार चांगलं केलंस. सिकलसेल हा लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार. एएस म्हणजे तू त्याची वाहक आहेस, रुग्ण नाहीस. वाहक असल्यामुळे सहसा रक्त कमी होत नाही. म्हणून ९.४ चं कारण वेगळं शोधायला हवं : लोह, जंत, पाळी. ‘सिकल आहे, मग असणारच’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. फेरिटिन कमी असेल तर गोळ्या खुशाल घे. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेले रुग्ण, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना तपासल्याशिवाय लोह देऊ नये. तुझी तपासणी नुसती सोल्युबिलिटीची, म्हणजे प्राथमिक चाचणी असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासण्यांपैकी एक करून पक्कं कर, कारण सोल्युबिलिटीत एएस आणि एसएस यांतला फरक कळत नाही.

मुलाचीही तपासणी लग्नाआधी करून घ्या. तोही एएस असेल तर प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक. तो एए, म्हणजे वाहकही नसेल तर बाळाला हा आजार होत नाही. हा प्रश्न तू विचारलास तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरी अवघड वाटलं तर आशाताईंना सोबत घे.

प्रश्न : वय ६१, जळगाव. पाळी जाऊन बारा वर्षं झाली, तरी हिमोग्लोबिन ९. तळपायाला मुंग्या येतात. शुद्ध शाकाहारी आहे. सगळे म्हणतात, वयाने होतं.

उत्तर : काकू, वयाने होत नाही. मुंग्या आणि शाकाहार एकत्र आले की आधी बी-१२ तपासायचं. ते कमी असेल तर इंजेक्शन किंवा गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहू नका, त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. आणि लोह कमी निघालं, तर पाळी गेल्यावर ते कुठून जातंय हे शोधलंच पाहिजे. मूळव्याध आहे म्हणून तिथेच थांबू नका. शौचातलं रक्त तपासायला सांगा, आणि डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सुचवली तर पुढे ढकलू नका. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर तीही दाखवा, दोन्हींमुळे बी-१२ कमी होऊ शकतं.