मडगावच्या घरात आजीचं जुनं लेडीज घड्याळ मिळालं, मागच्या झाकणात आतून बाईचं डोकं आणि ०.७५० कोरलंय. सोनं खरं आहे का, किती येतील?
हो, ०.७५० वरून बॉडी १८ कॅरेटची दिसतेय आणि पैसे साधारण सोन्याच्या वजनाएवढेच येतील, कारण छोट्या लेडीज घड्याळांना गिऱ्हाईक कमी. ते डोकं म्हणजे हेल्वेशिया (स्वित्झर्लंडचं स्त्री-प्रतीक), १९९५ च्या आधीचा १८ कॅरेटचा स्विस शिक्का, १४ कॅरेटला खारीचं चित्र असायचं. पट्टा मात्र वेगळा तपासा, तो बरेचदा नंतर बसवलेला असतो, त्यावर ८०० असेल तर पोर्तुगीज १९.२ कॅरेट (आपल्याकडे निघतं असं), पण ‘२० मायक्रॉन’ असेल तर नुसता मुलामा. वजन, आतलं मशीन आणि काच काढूनच करायला सांगा, शिक्के खोटेही मारतात तेव्हा सोनाराकडे कॅरेटोमीटरवर (सोन्याची शुद्धता मोजणारं यंत्र) बघून घ्या, आणि डायलवर पाटेक, कार्तिए असलं नामांकित कंपनीचं नाव असेल तर वितळवायला अजिबात देऊ नका.