सुरीवरच्या डागात माणसाचं आणि बकऱ्याचं रक्त मिसळलं असेल, तर कोणाचा डीएनए किती हे कसं मोजतात?

नॅनोड्रॉपवर (नमुन्यातला एकूण डीएनए मोजणारं यंत्र) विसंबू नका. तो माणूस, बकरा, जिवाणू सगळं एकाच आकड्यात दाखवतो. समजा 1 नॅनोग्रॅम डीएनए एसटीआरला (व्यक्तीची ओळख पटवणारी डीएनए चाचणी) घातला आणि त्यात 95 टक्के बकरा निघाला, तर मानवी उरला 0.05 नॅनोग्रॅम, म्हणजे जेमतेम 8 पेशींचा. प्रोफाइल अर्धवटच येणार.

त्यामुळे रिअल-टाइम पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवत असतानाच त्या मोजायची पद्धत) करायचा: एक प्रोब (ठरावीक डीएनएलाच चिकटणारा, चमकणारा तुकडा) मानवी, दुसरा वेगळ्या रंगाचा, बकऱ्याचा. दोन्हींचा प्रमाण-आलेख (माहीत प्रमाणाच्या नमुन्यांवरून काढलेला) स्वतंत्र काढा, उतार −3.1 ते −3.6 मध्ये हवा. निव्वळ बकऱ्याचा डीएनए मानवी प्रोबवर चालवून बघाच, तिथे सिग्नल येता कामा नये.

खरी गोची सायटोक्रोम बी या मायटोकाँड्रियल जनुकाची. प्रजाती ओळखायला ते उत्तम, पण एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात आणि ऊतीगणिक संख्या बदलते. त्यावरून नॅनोग्रॅम काढू नका. गुणोत्तर हवं असेल तर दोन्हीकडे मोजायला केंद्रकातल्या डीएनएचाच तुकडा घ्या.

अंतर्गत नियंत्रणाचा (पीसीआर नीट चालतोय का हे कळायला मुद्दाम घातलेल्या डीएनएचा) सीटी, म्हणजे सिग्नल दिसू लागतो ते चक्र, उशिरा आला, तर रक्तातला हीम पीसीआर अडवतोय (मातीत पडलेली सुरी असेल तर ह्युमिक आम्लही). अर्क 10 पट पातळ करून पुन्हा चालवा. नाहीतर कमी आलेला आकडा खराच वाटतो.