शाळेच्या आवारात मुलांसाठी सेन्सरी गार्डन कसे करावे आणि त्यावर कार्यशाळा कशा घ्याव्यात?

शाळेमागे सुमारे दोन गुंठे मोकळी जागा आहे, खर्च बेताचाच करता येईल, मुलांमध्ये काही विशेष गरजा असलेली आहेत, आणि पुढे ही बाग इतर शाळांनाही उपयोगी पडावी, असे आपण लिहिले आहे. सेन्सरी गार्डन म्हणजे वास, स्पर्श, आवाज, चव अशा इंद्रियांनी अनुभवायची बाग. मी एका बालवाडीच्या परसातील अशी बाग बऱ्याच वर्षांपासून सांभाळते आहे, त्या अनुभवावरून उत्तर देते.

रोपांची यादी करण्याआधी प्रत्येक झाडाला एक कसोटी लावावी: मुलांनी रोज खुडले, चुरगाळले, ओढले, तरी ते पुन्हा फुटेल का? ‘हात लावू नये’ अशी पाटी जिथे लावावी लागते, ती बाग पाहुण्यांसाठी असते, मुलांसाठी नव्हे. गवती चहा, पुदिना, पानओवा, तुळस, सब्जा आणि कढीपत्ता या कसोटीला उतरतात. रोपवाटिकेतील महागडी फुलझाडे बहुधा उतरत नाहीत. गवती चहाच्या पात्याची कड बोट कापते, म्हणून तो वाटेला चिकटून न लावता हातभर आत लावावा. पुदिन्याला उन्हाळ्यात दुपारची सावली लागते. थंडीच्या दिवसांत दवणा अवश्य लावावा. चैत्रात जोतिबाला तो वाहतात, त्यामुळे कोल्हापूरकडील मुले डोळे मिटूनही तो ओळखतात.

स्पर्शासाठी लाजाळू सर्वांनाच सुचते, परंतु तिला बारीक काटे असतात आणि जमिनीत लावल्यास ती तणासारखी पसरते, म्हणून कुंड्यांतच ठेवावी. कुंड्या चार-पाच तरी असाव्यात, कारण मिटलेली पाने उघडायला काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ रांगेत शांत उभे राहणारी मुले मी अद्याप पाहिलेली नाहीत. आवाजासाठी विकतच्या घंटांची गरज नाही. शिरीष आणि गुलमोहोर यांच्या वाळलेल्या शेंगा सुतळीने टांगल्या की पुरते.

चवीचा वाफा मात्र वेगळा आणि स्पष्ट ओळखता येईल असा असावा, उदाहरणार्थ त्याच्या कडेच्या विटा पिवळ्या रंगवाव्यात, आणि त्या विटांच्या आतलेच, तेही मोठ्यांना विचारून, तोंडात घालायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. कण्हेर, धोतरा, एरंड आणि गुंज आवारात कोठेही नकोत. गुंजेची लाल-काळी बी मुलांना फार आवडते, आणि चावली गेल्यास ती प्राणघातक ठरू शकते. रुईचा चीक डोळ्यांना इजा करतो, आणि भेट म्हणून हमखास मिळणाऱ्या डिफेनबेकिया या शोभेच्या झाडाचे पान चावल्यास तोंड सुजते, म्हणून तीही नकोत. कीटकनाशक फवारायचे नाही, हे ओघाने आलेच. पाण्याचे टाके ठेवल्यास त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत.

चाकाच्या खुर्चीसाठी वाट 4 फूट रुंद, चढ 1:12 पेक्षा (म्हणजे 12 फूट लांबीला 1 फूट उंचीपेक्षा) तीव्र नसलेला आणि काही वाफे बसल्या जागी हात पोहोचेल इतके, म्हणजे सुमारे 2 फूट उंच असावेत. दृष्टिहीन मुलांसाठी ब्रेल पाट्या लावता येतात. राष्ट्रपती भवनात डॉ. कलाम यांच्या कार्यकाळात अशा मुलांचा विचार करून स्पर्श-उद्यान तयार झाले होते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या बाबतीत अधिक वास, अधिक रंग म्हणजे अधिक आनंद असे गणित चालत नाही, म्हणून एका कोपऱ्यात केवळ सावली आणि एक बाक ठेवावा, आणि तिथे बसलेल्या मुलाला कोणीही खेळात ओढू नये. माझ्या मते संपूर्ण बागेतील ही सर्वांत महत्त्वाची जागा आहे.

कार्यशाळांची सामग्री याच खुडण्यातून मिळते. पावसाळ्याच्या आरंभी गवती चहाचे ठोंब फोडावेच लागतात, पुदिना आणि पानओवा यांची छाटणी होतेच. ती रोपे आणि काड्या धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत लावून प्रत्येकाच्या हाती द्याव्यात. पानफुटीचे एक पान दिले तरी चालते, ते ओल्या मातीवर ठेवले की कडांना रोपे फुटतात. मुलांची तुकडी बारा-पंधरांची आणि वेळ तासाभराची, शक्यतो सकाळची असावी, म्हणजे पारिजातकाचा सडा पायदळी जाण्याआधी वेचता येतो. दमा किंवा ॲलर्जी असल्यास ते पालकांकडून आधी लिहून घ्यावे. डोळ्यांवर पट्टी बांधण्याचा खेळ काही मुलांना घाबरवतो. त्याऐवजी कापडी पिशवीत हात घालून पान ओळखायला सांगावे.

शिक्षक आणि अंगणवाडीताई यांच्यासाठी कार्यशाळा स्वतंत्र घ्यावी, आणि त्यांना व्याख्यान न देता एक वाफा प्रत्यक्ष भरायला लावावा: खाली विटांचे तुकडे, त्यावर पालापाचोळा, मग माती आणि शेणखत. त्यांच्याकडून नाममात्र शुल्क घेण्यास हरकत नाही, कारण माती आणि खताचा खर्च त्यातून निघतो. ज्या शाळेकडे जमीनच नाही, तिच्यासाठी अर्धे कापलेले प्लॅस्टिकचे पिंप तळाला भोके पाडून वापरावे. पुदिना, पानओवा आणि सब्जा त्यात उत्तम येतात.