सर्व्हिस-लर्निंग म्हणजे नेमकं काय, आणि स्टॅटिस्टिक्ससारख्या विषयात ते कसं आणायचं?

तुम्ही लिहिलंय की एचओडींनी (विभागप्रमुखांनी) पुढच्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्सच्या पेपरमध्ये सर्व्हिस-लर्निंग घ्यायला सांगितलंय, आणि तुम्हाला दोन प्रश्न पडलेत, हे एनएसएसपेक्षा (राष्ट्रीय सेवा योजनेपेक्षा) वेगळं काय आणि आकडेमोडीच्या विषयात ते बसवायचं कुठे. मी बडोद्यात एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच शिकवते, हे दोनदा करून पाहिलंय, पहिल्या वेळी चुकलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी फरक. एनएसएस सुरू झालं 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, शिवाय सात दिवसांचा कॅम्प. मी स्वतः केलंय आणि मला त्याचं महत्त्व वाटतं, पण तिथे केमिस्ट्रीचा मुलगा आणि इतिहासाची मुलगी एकच झाड लावतात, त्यांच्या विषयाशी त्या कामाचा संबंध नसतो. इंटर्नशिपमध्ये उलटं होतं, तिथे मुख्य फायदा विद्यार्थ्याचाच. सर्व्हिस-लर्निंगमध्ये काम असं निवडावं लागतं की सिलॅबसमधला टॉपिक आल्याशिवाय ते होणारच नाही, आणि ते काम समोरच्यांना खरंच हवं असलं पाहिजे. हा शब्द अमेरिकेत 1960 च्या दशकात रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्झी यांनी रुळवला, आणि पुढे 1979 मध्ये सिग्मनने तीन तत्त्वं मांडली त्यातलं पहिलंच असं की ज्यांच्यासाठी काम करायचं, कोणतं काम आणि कसं हे त्यांनी ठरवायचं. (हातांनी काम करत शिकायची कल्पना आपल्याला परकी नाहीच, 1937 च्या वर्धा परिषदेतली नई तालीम, गांधीजींची कामातून शिक्षणाची योजना, आठवा.)

पहिल्या वेळी मी हेच पहिलं तत्त्व मोडलं. घरी बसून 40 प्रश्नांचा फॉर्म बनवला आणि मुलांना विश्वामित्री नदीच्या जवळच्या एका वस्तीत पाठवलं, उत्पन्न किती, शिक्षण किती, शौचालय आहे का. डेटा छान आला, मुलांनी काय-स्क्वेअर टेस्ट (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का हे तपासायची चाचणी) लावली, मार्क मिळाले. पुढच्या वर्षी मी परत गेले तेव्हा एका मासींनी दारातच विचारलं, "बेन, ए कागळियां क्यां गयां?" ते कागद आमच्या डिपार्टमेंटच्या कपाटात होते. मी काही बोलू शकले नाही. शिकलो आम्ही, आणि त्या घराघरातल्या बायकांनी कामं सोडून आमच्या मुलांना शिकवलं, एवढाच त्याचा हिशोब होता.

दुसऱ्या वेळी सेमिस्टर सुरू व्हायच्या दोन महिने आधी, फॉर्म न घेता त्याच वस्तीत गेले आणि नुसती ओट्यावर बसले, तीन-चार वेळा. प्रश्न तिथल्या बायकांकडूनच आला. सकाळी 45 मिनिटं पाणी येतं, पुढच्या घरांना भरपूर आणि मागच्यांना नाही, तक्रार केली की कोणी मानत नाही कारण पुढच्या नळाला तर पाणी दिसतं. म्हणाल्या, हे लिहून द्या.

मग मुलांनी 12 नळ निवडले, लाइनीच्या सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे सगळ्यांतून, म्हणजे स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंग पुस्तकात न वाचता समजलं. 14 दिवस रोज सकाळी 15 लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. दोन दिवसांतच लक्षात आलं की प्रत्येकाची बादली वेगळी, काही चेपलेल्या, म्हणून आतून खूण केलेल्या एकसारख्या बादल्या नेल्या, मेजरमेंट एरर मला फळ्यावर शिकवावीच लागली नाही. पहिल्या नळाला दीड मिनिट, शेवटच्याला नऊ मिनिटं. वर्गात मीन (सरासरी) सांगायची की मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) यावर तासभर वाद झाला, मीन साडेतीन मिनिटांच्या आसपास, मीडियन सव्वादोन, आणि आम्ही ते सांगायला गेलो तर शेवटच्या घरची बाई म्हणाली की सरासरी नको, माझ्या नळाचं सांगा. एवढ्या वर्षांत सरासरी काय लपवते हे मला कुठल्याच लेक्चरमध्ये इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

ग्राफसुद्धा बदलला. बार चार्ट त्यांना वाचता येईना, मग मुलांनी गुजरातीत एक मोठा कागद केला, प्रत्येक घरापुढे 45 मिनिटांत भरणाऱ्या बादल्यांची चित्रं, पहिल्या घराला 30 आणि शेवटच्या घराला 5. तो कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात बायका स्वतः गेल्या, मुलं गेली नाहीत, हे आम्ही मुद्दाम ठरवलं होतं. लाइन तपासायला माणसं आली, मागच्या घरांना थोडा फरक पडला, पूर्ण नाही.

रिफ्लेक्शनला, म्हणजे केलेल्या कामावर मागे वळून विचार करण्याला, मात्र अजिबात काटछाट करू नका, सगळ्यात आधी तेच गाळलं जातं. दर आठवड्याला मी एक पान लिहायला लावायचे, तीन प्रश्नांवर, काय झालं, त्याचा अर्थ काय, आता पुढे काय. "खूप छान वाटलं, गरिबी पाहिली" असं आलं की मी परत द्यायचे आणि विचारायचे की या आठवड्यात युनिटमधली कुठली संकल्पना दिसली आणि कुठली लागू पडली नाही. मार्कही त्यालाच, कामाच्या तासांना नाही, कारण मार्क शिकण्याचे असतात. नळावर उभं राहिलेल्या प्रत्येकाला पैकीच्या पैकी दिले तर हजेरीचा रिपोर्ट होतो.

तासांचं म्हणाल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये फील्डवर्क किंवा कम्युनिटी एंगेजमेंटचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास, 15 आठवड्यांचे 30 तास. एका क्रेडिटपेक्षा जास्त पहिल्या वर्षी घेऊ नका, आणि 60 मुलांचा वर्ग असेल तर एकाच ठिकाणी सगळे नेऊ नका, लोकांना गर्दीचा त्रास होतो. आम्ही 15 मुलांवर थांबलो, बाकीच्यांना त्याच डेटावर वर्गात काम दिलं.

आणि टाइमटेबलमध्ये रिपोर्ट वस्तीत परत द्यायची तारीख आधीच लिहून ठेवा, परीक्षेच्या किमान दोन आठवडे आधीची, कारण परीक्षा झाली की मुलं गावी जातात आणि कागद कपाटात जातात.