बँकेचा नफा येतो कुठून?

प्रश्न: ताई, आमच्या गिरगावात दहा मिनिटं चाललं तरी सात-आठ बँका लागतात, तरी मोठ्या बँकांचं सेव्हिंगचं व्याज बघावं तर सारखंच, अडीच टक्के. आणि पेपरात मात्र विक्रमी नफा! मुलगा म्हणतो त्यांचं काम चांगलं म्हणून कमावतात, मी म्हणतो आमच्या जिवावर. कोण बरोबर?
– एक निवृत्त वाचक

उत्तर: काका, घराघरातलं हे भांडण अर्थशास्त्रातही जुनंच आहे. १९५१ मध्ये अर्थतज्ज्ञ जो बेन यांनी अमेरिकेतले कारखाने तपासून मांडलं की धंदा मोजक्या हातात असला की नफा जास्त, म्हणजे तुमची बाजू. १९७३ मध्ये हॅरॉल्ड डेमसेट्झ म्हणाले, उलटं बघा, ज्याचा खर्च कमी तोच कमावतो आणि कमावतो म्हणूनच मोठा होतो. हे तुमचे चिरंजीव.

सेव्हिंगपुरती मी तुमच्या बाजूने. ऑक्टोबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने सेव्हिंगचे दर मोकळे केले, येस, कोटक यांनी लगेच ६ टक्क्यांपर्यंत नेले, आणि स्टेट बँक? ती ४ वरच बसली, आणि २०१७ मध्ये हलली तीही खाली, साडेतीनवर! कारण आपण हलतच नाही हो. पेन्शन, लाइट बिल, एलआयसी सगळं त्याच खात्याला बांधलेलं, कोण बदलणार. माझंच खातं वीस वर्षं एका शाखेत आहे, पासबुकचं मशीन कायम बंद, तरी मी तिथेच. होमलोनवाले बघा, पाव टक्क्यासाठी फाइल उचलून दुसऱ्या बँकेत जातात, म्हणून तिथे दरासाठी खरी मारामारी असते.

पण नुसत्या मोठेपणावर नफा होत असता तर स्टेट बँक २०१७-१८ मध्ये साडेसहा हजार कोटींच्या तोट्यात गेली नसती, आणि तेव्हा नुकत्याच सहयोगी बँका पोटात घेऊन ती आणखी मोठी झाली होती. बुडीत कर्जांच्या तरतुदींनी, म्हणजे ती बुडतील म्हणून नफ्यातून बाजूला काढलेल्या पैशांनी, सगळं खाल्लं. हल्लीच्या विक्रमी नफ्यातही ती तरतूद कमी झाल्याचा वाटा बराच आहे, ते कोणी मथळ्यात छापत नाही.

मुलाला सांगा, बँकेच्या वार्षिक अहवालात दोन आकडे शेजारी ठेवून बघ, व्याजातलं मार्जिन, म्हणजे कर्जावर मिळणारं आणि ठेवींवर दिलेलं व्याज यातला फरक, आणि उत्पन्नातले किती टक्के खर्चात जातात ते. मार्जिन भरपूर आणि खर्चही भरपूर, तर बँक बाजारातल्या वजनावर आरामात जगतेय. मार्जिन बेताचं, खर्च कमी, तरी नफा, तर तो जिंकला.

तुम्ही मात्र महिन्याचा खर्च ठेवून बाकीची रक्कम ऑटो स्वीपने एफडीत जाईल असं करून घ्या, आणि एका बँकेत व्याजासकट ५ लाखांच्या वर जेवढी रक्कम असेल तेवढीला विम्याचं संरक्षण नाही हेही धरा. काउंटरवर फॉर्म मागितलात की आधी इन्शुरन्सची पॉलिसी पुढे करतील, ती तेवढी घेऊ नका.